चौथ्या खोलीतला पेशंट

ती जागा मलाच मिळणार होती. हे मी आज सांगतोय असं नाही, तेव्हाही सगळ्यांना सांगत होतो. विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. ते झोपून गेले. पण झोपण्यापूर्वी त्यांनी मान डोलावली होती, हे मी स्वतः पाहिलंय!

प्रकार असा की चाळीसेक वर्षांपूर्वी आमचं सहा विद्यार्थ्यांचं टोळकं परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात महिनाभराच्या अभ्यासदौऱ्यावर गेलं होतं. एक दातांचा, एक औषधांचा, एक रक्त तपासणारा, एक फिजिओथेरपीवाला, एक नर्सिंगची आणि एक डॉक्टर. डॉक्टर म्हणजे मी. अजून दोन वर्षं बाकी होती, पण ती बारीकसारीक गोष्ट झाली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा होणार होती आणि तिच्यात जो पहिला येईल त्याला पुढे सहा महिने तिथंच ठेवून घेणार होते. सहा महिने! परदेशात! नंतर जन्मभर प्रत्येक वाक्याची सुरुवात "आम्ही तिकडे असताना" अशी करता आली असती! मी तर ऐन उन्हाळ्यात दोन स्वेटर आणि एक लोकरीची कानटोपी घेऊन गेलो होतो. इतकी खात्री होती.

एकच अडचण होती. तिची उंची चार फूट अकरा इंच.

नर्सिंगची जी विद्यार्थिनी आमच्याबरोबर होती ती माझी सख्खी आतेबहीण. घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आवाज एवढासा, आणि पाठीवरची पिशवी तिच्याहून मोठी. निघताना बाबांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "चिमणीकडे लक्ष ठेव हो!"

ठेवलं. इतकं ठेवलं की पंधरा दिवसांत मला दुसरं काही दिसलंच नाही!

पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या बाई सगळ्यांना वॉर्डात घेऊन गेल्या. या बाईंचं हसू म्हणजे सरकारी पाण्याचा नळ. कधी येईल सांगता यायचं नाही, आणि आलं तरी मिनिटभर. मी एका पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्याच्या आजाराची सहा नावं एका दमात सांगितली. बाई म्हणाल्या, "हं." नंतर चिमणी पुढे झाली. तिनं हात धुतले. नुसते हात धुतले हो! मग त्या म्हाताऱ्या पेशंटला विचारलं, "आजोबा, माझे हात गार आहेत, चालेल ना?"

बाई हसल्या! वर आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "पाहिलंत? याला म्हणतात पेशंट तपासणं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे हातही गारच होते! पण मी त्याची जाहिरात केली नव्हती.

त्या दिवसापासून सुरू झालं ते थांबेना. पट्टी बांधावी चिमणीनं. सुई टोचावी चिमणीनं. सुई टोचल्यावर पेशंटनं "अजून टोचली नाहीत का?" असं विचारावं, तेही चिमणीलाच! मी टोचली तेव्हा पेशंटनं जे विचारलं ते इथं छापता येणार नाही. आम्ही राहायचो त्या घराच्या मालकीणबाईसुद्धा सकाळी तिच्या पावाला दोन्ही बाजूंनी लोणी लावायच्या. माझ्या पावाला एकाच बाजूनं, आणि तेही कडेकडेनं.

माझ्या खोलीत दातांचा विद्यार्थी राहायचा. आम्ही त्याला दातवाला म्हणायचो. त्याला मी एकदा विचारलं, "काय रे, चिमणीचं जरा जास्तच कौतुक होतंय असं नाही वाटत तुला?"

तो म्हणाला, "तू झोपेत दात खातोस. आधीपासूनच, की इथं आल्यापासून?"

"इथं आल्यापासून."

"मग वाटतंय मला."

परीक्षेचा दिवस उजाडला. तिथली परीक्षेची तऱ्हा अशी, की ओळीनं पाच खोल्या. प्रत्येक खोलीत एक खाट आणि खाटेवर एक पेशंट. पण हा पेशंट खरा नाही. कुणी निवृत्त मास्तर, कुणी शिंपी, कुणी घरी बसून कंटाळलेल्या बाई. त्यांना एक कार्ड देतात. तुमचं वय अमुक, तुम्हाला अमुक होतंय, विचारलं तर हे सांगा, न विचारलं तर ते लपवा. विद्यार्थ्यानं आठ मिनिटांत योग्य प्रश्न विचारून दुखणं ओळखायचं. भिंतीत एक काच असते आणि काचेपलीकडे परीक्षक बसतात, हातात तेच कार्ड घेऊन. शिवाय भिंतीवर एक लाल बटण. नाटक करता करता एखाद्या पेशंटला खरोखरच काही झालं, तर ते दाबायचं. दाबलं की परीक्षा बंद, आणि खरे डॉक्टर हजर. बाई म्हणाल्या होत्या, "बारा वर्षांत या बटणाला कुणी हात लावलेला नाही."

मी सकाळीच पाचही खोल्या उरकल्या. झकास! एका पेशंटचा आजार तर त्यानं तोंड उघडण्यापूर्वीच ओळखला. तो चूक निघाला, पण वेग पाहा! दुपारी शेवटचा नंबर चिमणीचा होता. तेवढ्यात बाई घाईघाईनं बाहेर आल्या.

"चौथ्या खोलीतल्या शिंप्याला घरून बोलावणं आलं, तो गेला. शेवटच्या विद्यार्थिनीसाठी तुमच्यापैकी कोण पेशंट होतंय?"

वाक्य पुरं होण्याआधी माझा हात वर! त्या हातासरशी मीही दोन इंच वर उचललो गेलो असेन.

कार्ड हातात आलं. 'वय पंचेचाळीस. ट्रकचालक. दोन आठवडे पोटात जळजळ. पाठदुखीसाठी रिकाम्या पोटी गोळ्या घेतो, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. डॉक्टरांचा राग. मला काही झालेलं नाही, बायकोनं जबरदस्तीनं पाठवलं, असं सारखं म्हणतो.'

सोपं होतं. फार सोपं होतं! चिमणीनं गोळ्यांचं विचारलं की संपलं. आणि ती विचारणारच, ती मेली सगळंच विचारते! तेव्हा माझ्या डोक्यात ती योजना आली. आजार थोडासा हलवायचा. फार नाही, पोटातून वीतभर वर, छातीत. मग जराशी कळ डाव्या हातात. चिमणी हृदयाच्या मागे धावेल, आठ मिनिटं संपतील आणि गोळ्या राहतील खिशात! कार्डाबाहेर जायची मनाई होती, पण रंगात आलेला नट दोनचार वाक्यं पदरची घालतोच की!

आता काम करायचं तर चोख करायचं. मी इस्पितळाच्या मागच्या जिन्यानं तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत धावत गेलो. चार वेळा! चौथ्या फेरीला एक झाडूवाली म्हणाली, "अहो, लिफ्ट चालू आहे." मी नुसता हात हलवला, बोलायला श्वासच नव्हता. घामानं निथळत, लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत येऊन चौथ्या खोलीत खाटेवर आडवा झालो. घंटा वाजली.

चिमणी आत आली. हात धुतले. (धुणारच!) मग खाटेजवळ येऊन गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार काका."

काका! कार्डावर पंचेचाळीस होतं म्हणून काय झालं, जरा विचार करायचा!

"काय होतंय काका तुम्हाला?"

"छातीत दुखतंय," मी कण्हलो. "असं, दाबल्यासारखं. आणि हा हात गेला."

तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. पुन्हा घड्याळाकडे. मग माझ्या कपाळाला हात लावला आणि ओली बोटं पाहत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे कार्डावर आहे?"

"कोण दादा? मी ट्रक चालवतो!"

"दादा, तुझी नाडी एकशे बेचाळीस आहे!"

आणि मला काही कळायच्या आत टाचा उंच करून तिनं लाल बटण दाबलं!

पुढच्या अर्ध्या मिनिटात त्या खोलीत जेवढी माणसं शिरली तेवढी आमच्या ताईच्या लग्नाला नव्हती. मोठ्या बाई कार्ड फडकवत ओरडत होत्या, "छातीचं नाहीये यात! हातही नाहीये! खरं आहे हे, खरं आहे!"

आता थांबवायला हवं होतं. मी उठून बसलो. "अहो, मला काही झालेलं नाही!"

एक परीक्षक कार्डावर बोट ठेवून म्हणाले, "थांबा, थांबा, हे वाक्य आहे यात! शेवटची ओळ! नाटकच करतोय तो!"

"नाटकच करतोय मी!" मी आनंदानं ओरडलो.

तेवढ्यात हृदयाचे डॉक्टर पोचले. उंच, शांत, सुतकी चेहऱ्याचे. त्यांनी माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, "हार्ट अटॅकवाले सगळे असंच म्हणतात. आडवं करा याला."

"पण डॉक्टर, मी ट्रकचालक नाही!"

"आपण ट्रकचालक आहोत असं केव्हापासून वाटतंय याला?" त्यांनी चिमणीला विचारलं.

"पाच मिनिटं झाली," चिमणी डोळे पुसत म्हणाली.

"मेंदूला रक्त कमी पडतंय. चला!"

मला चाकांच्या खाटेवरून पळवलं. वाटेत ती झाडूवाली दिसली. मी तिच्याकडे आशेनं पाहिलं, साक्षीदार होती ती! पण तिनं नुसते हात जोडले.

हृदयाच्या वॉर्डात माझे कपडे काढून एक झगा घातला. तो मागून उघडा होता आणि पुढूनही फारसा बंद नव्हता. छातीवर तारा चिकटवल्या. कार्डिओग्राम निघाला. डॉक्टरांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"यात तर काही दिसत नाही," ते म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "पण सुरुवातीला नाहीच दिसत. घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात चिमणी बोलली, "आहे! आमचे आजोबा हृदयानंच गेले!"

"तुम्ही कोण?"

"मी बहीण. माझ्या आईचे वडील, म्हणजे याच्या बाबांचे वडील!"

"म्हणजे दोघं?" डॉक्टर दचकले. "दोन आजोबा गेले?"

"एकच! पण दोघांचे!"

आजोबा हृदयानं गेले हे खरं आहे. एक्याण्णवाव्या वर्षी, भरपेट जेवून, वर पान खाऊन! पण ते कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी ठळक लिहिलं आणि फर्मावलं, "चोवीस तास हलायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

सगळे पांगले. खाटेशी चिमणी एकटी बसून राहिली. मी हळूच विचारलं, "तुझी पाचवी खोली राहिलीय ना गं?"

"मरू दे ती खोली," ती म्हणाली. "मी घरी फोन करून आले. मामा फार घाबरलेत. आई तर रडायलाच लागली."

आता मी एक गोष्ट कबूल करतो. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की पाचवी खोली बुडाली म्हणजे परीक्षा बुडाली. म्हणजे जागा माझी! मला फक्त पडून राहायचं होतं. घरी बाबा घाबरले होते, आत्या रडत होती, बहिणीचं नुकसान होत होतं. एखाद्या सज्जन माणसाला तिथल्या तिथं पश्चात्ताप झाला असता. मी डोळे मिटून नीट पडून राहिलो.

आणि राहिलोही असतो हो! पण लोकांनी राहू दिलं नाही.

आधी वॉर्डातल्या नर्स आल्या. तिघी होत्या. पेशंटला बघायला आल्या असतील म्हणून मी चेहरा आणखी ओढला. त्या थेट चिमणीकडे गेल्या. "तूच ना ती, बटण दाबणारी? शाब्बास!" मग मला म्हणाल्या, "बहिणीचे उपकार माना बरं का!" नंतर दुसऱ्या मजल्यावरच्या नर्स आल्या. त्यांनीही चिमणीचे हात हातात घेतले. शेजारच्या खाटेवरच्या खऱ्याखुऱ्या हृदयाच्या पेशंटनं उशाचं सफरचंद काढून तिला दिलं. तिला! आजारी मी होतो, मला पाणीसुद्धा बंद होतं, आणि सफरचंद तिला!

मी दात आवळले. जागा माझी आहे, जागा माझी आहे, असं मनात घोकत राहिलो.

संध्याकाळच्या फेरीला हृदयाचे डॉक्टर आणि मोठ्या बाई एकत्रच आले. डॉक्टरांनी चिमणीला विचारलं, "मुली, समोर पेशंटचं सोंग घेतलेला माणूस आहे हे ठाऊक असताना तुला कसं समजलं?"

चिमणी लाजून म्हणाली, "माणूस तोंडानं नाटक करतो डॉक्टर. नाडीला नाटक येत नाही."

डॉक्टर थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ते वाक्य लिहून घेतलं. कशावर? माझ्या केसपेपरवर! माझं नाव, माझं वजन, माझं रक्त, आणि त्याखाली तिचं वाक्य!

"या मुलीनं आज एक जीव वाचवला," मोठ्या बाई गहिवरून म्हणाल्या.

मी ताडकन उठून बसलो. तारा पटापट तुटल्या, यंत्र कोकलायला लागलं. "कुणी वाचवला? कुणी कुणाला वाचवलं नाही! काही झालेलंच नाही मला! मी जिने चढलो! चार मजले, चार वेळा, धावत! एकट्यानं! त्यात हिचा काही संबंध नाही! ती नाडी माझी आहे, मी कमावलीय ती!"

एका नर्सनं कोकलणारं यंत्र बंद केलं.

"का चढलात?" बाईंनी विचारलं.

आता खोटं बोलायला काही शिल्लकच नव्हतं. "ही नापास व्हावी म्हणून," मी झगा सावरत म्हणालो.

सगळे चिमणीकडे पाहू लागले. तिनं पुन्हा माझं मनगट धरून नाडी पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला खरंच काही झालेलं नाही, दादा?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

"बरं झालं बाई!" असं म्हणून तिनं मोठ्ठा श्वास सोडला आणि ते सफरचंद मला फेकून मारलं. बरोबर कपाळावर बसलं. नेम अचूक होता. मला त्या नेमाचाही हेवा वाटला.

निकाल मोठ्या बाईंनी तिथंच, माझ्या पायथ्याशी उभ्या राहून लावला. जागा चिमणीला. परीक्षकांपैकी एकजण चाचरत म्हणाले, "पण तिची पाचवी खोली?" बाई म्हणाल्या, "ही काय, हीच पाचवी. दुपारपासून बसलीय ती इथं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता रात्रीच्या विमानानं परत पाठवणार. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढचे दोन आठवडे तुम्ही वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. आमच्या इथल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आहेत, आणि शिंपी काही लवकर येत नाही. चौथ्या खोलीत पडून राहायचं, आणि कार्डावर आहे तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही!"

घरी फोन चिमणीनंच केला. मी शेजारी मान खाली घालून उभा होतो. "मामा, काही नाही झालं दादाला," ती म्हणाली. "जिने जरा जास्त चढला, एवढंच. अभ्यासाच्या नादात." मग फोन माझ्याकडे आला. बाबा म्हणाले, "चिमणी होती म्हणून वाचलास रे! जन्मभर विसरू नकोस!"

मी विसरलेलो नाही. कारण विसरू देत नाहीत. चाळीस वर्षं झाली, आमच्या घरात कुठलंही कार्य असो, चिमणी दारात आली की कुणीतरी नव्या सुनेला हळूच सांगतंच, "याच त्या. यांनीच वाचवलं यांना." आणि चिमणी माझ्याकडे पाहून गोड हसते. मी काय बोलणार? खरं सांगावं तर त्याहून वाईट.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, तिच्या त्या जागेचा हेवा मला फक्त दोनच दिवस वाटला. तिसऱ्या दिवसापासून माझं लक्षच उडालं. झालं असं, की माझ्या शेजारी पाचव्या खोलीत पेशंट म्हणून एक निवृत्त बसचालक यायला लागले. साधा माणूस, कधी रंगमंच पाहिलेला नाही. पण त्यांना सांगाल त्या डोळ्यातून रडता यायचं! डाव्या म्हटलं की डाव्या, उजव्या म्हटलं की उजव्या! परीक्षा देणारी पोरं माझ्या खोलीतून आठ मिनिटांची घंटा वाजायच्या आत बाहेर पडायची, आणि त्यांच्या खोलीतून डोळे पुसत. पहिल्याच दिवशी सात जणींनी त्यांना आपापले रुमाल दिले.

मी त्याच दिवशी दोन तास पोटदुखीनं विव्हळलो, अगदी जीव ओतून. मला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही, की काका, रुमाल आहे का तुमच्याकडे!